पठारावरची वाट

तलावाचा बांध संपला की आम्ही रोज उजवीकडं, गावाच्या दिशेनं वळायचो. त्या दिवशी मालन डावीकडं वळली.

“अगं, इकडं कुठं?” मी मागून ओरडले.

“चल की! रोज तेच तेच पळून कंटाळा आला. खिंडीतनं वर जाऊ. नवी वाट बघू.”

“अजून धड दिसंना झालंय.”

“वर जाईपर्यंत उजाडतंय. ये.”

ती थांबली नाही. मीही निघाले तिच्या मागं. दोन वर्षं मी तेच करत आले होते. पुढं मालनची पाठ आणि तिची डावी-उजवीकडं हलणारी वेणी, आणि मागं मी.

जानेवारीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना शाळू निसवून कणसं बाहेर आली होती. पानांवरचं दव लागून ट्रॅकपँट मांड्यांना गार चिकटत होती. शेतं संपली, मुरमाड चढ लागला आणि वाट एका माणसापुरती झाली.

आम्ही दोघी पोलीस भरतीची तयारी करत होतो. हिवरवाडीत तोवर एकही पोरगी भरतीला गेली नव्हती. सुरुवातीला आम्ही पळायला लागलो की चहाच्या हॉटेलातली माणसं बाहेर येऊन बघायची. ते बंद केलं मालनच्या भावानं, अंकुशदादानं. तो स्वतः चार वेळा सैन्यभरतीला जाऊन आला होता. प्रत्येक वेळी छातीच्या मापात कमी पडला आणि वय निघून गेल्यावर ट्रॅक्टर चालवायला लागला. बांधावर दोरी लावून त्यानंच आठशे मीटर मोजून दिले, फक्कीच्या रेषा मारल्या. पहाटे मफलर गुंडाळून, मोबाईल हातात धरून तो टोकाला उभा राहायचा आणि ओरडायचा, “मालन, हात आत घे! सुवर्णा, खांदे पाड, ओझं घेतल्यागत काय पळतीस!” आम्ही पळायला लागलो की त्याच्या चेहऱ्यावर असं काही यायचं, की तोच पळतोय असं वाटावं.

मालन भरती होणार याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. ती आधी रेषा ओलांडायची, मग उलटी पळत यायची आणि माझा शेवटचा तुकडा माझ्याबरोबर पळायची. “सोडायचं न्हाई, सोडायचं न्हाई,” असं म्हणत.

मागच्या महिन्यात मालनच्या वडिलांनी, आबांनी, तिचं लग्न ठरवलं होतं. साटंलोटं होतं. मालन पाव्हण्यांच्या घरात सून म्हणून जाणार होती आणि त्यांची मुलगी शकुंतला अंकुशदादासाठी हिवरवाडीत येणार होती. अंकुशदादा तेहतीस वर्षांचा झाला होता. कोरडवाहू जमीन आणि ट्रॅक्टरची ड्रायव्हरकी बघून कुणी मुलगी देत नव्हतं. पाच-सहा ठिकाणांहून नकार आले, तसा तो पाव्हण्यारावळ्यांत जायचा बंद झाला होता. मालननं मला लग्नाचं सांगितलं ते असं, की “ठरलं.” बस्स. मी विचारलं होतं, “मग ग्राउंड?” म्हणजे भरतीची मैदानी परीक्षा. त्यावर ती म्हणाली होती, “बघू. हॉल तिकीट तरी येऊ दे.” माझं आलं होतं. माझी तारीख गुरुवारची होती.

खिंडीत पोचलो तेव्हा पूर्वेला तांबडं फुटलं होतं. मी गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिले. मालन मात्र जागच्या जागी पाय हलवत पलीकडं बघत होती. पुढं सपाट पठार पसरलं होतं. वाळलेलं पिवळं गवत, मधेमधे काळे खडक आणि लांब पवनचक्क्यांची रांग.

“ही वाट कुठं जाती ठाव हाय?” तिनं विचारलं. “आमची आज्जी ह्या वाटेनं डोक्यावर पाटी घेऊन बाजारला जायची. पठार ओलांडलं की खाली हायवे लागतो.”

“हायवेपतोर जायचं? मग परत कधी यायचं?”

“तू जाशील परत. मी न्हाई.”

मला वाटलं ती चेष्टा करतेय. पण तिनं स्वेटर वर केला. कमरेला ओढणीनं एक प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधलेली होती.

“आज माझं ग्राउंड हाय, सुवर्णा.”

“हॉल तिकीट आलं न्हाई म्हणालीस की!”

“आलंय. पंधरा दिवस झालं.”

“घरी?”

“घरी सांगितलं. आबा म्हणाले, पाव्हण्यांना नोकरीवाली नको हाय. त्यांनी आधीच बजावलंय. ग्राउंडला गेली एवढं जरी कळलं तरी दोन्ही लग्नं मोडतील.”

“आणि दादा?”

तिचे हलणारे पाय थांबले. “दादा काय बोलणार? हॉल तिकीट त्यानंच काढून आणलं हुतं नेटवरनं. आबा बोलत हुतं तेव्हा तो ताटात बघत बसला. मग उठून गोठ्यात गेला.”

“मग आज तू गेलीस तर?”

“आधी मार्क पडू देत. मार्क पडल्यावर कोण ना कोण तरी म्हणंलच, जाऊ द्या पोरीला. मार्कच नसतील तर मी कशाच्या जिवावर बोलू?”

गावातल्या स्टँडवरून ती जाऊच शकत नव्हती. स्टँडसमोर तिच्या चुलत्याचंच हॉटेल होतं. पण डोंगरापलीकडच्या फाट्यावर सकाळची पहिली एसटी थांबायची. ती धरली की नऊच्या आत सांगलीत, मैदानाच्या गेटच्या आत. त्यानंतर गेट बंद होणार होतं. मालननं सगळं डोक्यात बसवलं होतं. फक्त ती वाट आम्हा दोघींपैकी कुणीच कधी चाललं नव्हतं.

“मला आधी का न्हाई सांगितलंस?”

“तुला खोटं बोलता येत न्हाई. तुझ्या तोंडावर दिसतं.” मग ती हळू म्हणाली, “आणि एकटीला भ्या वाटत हुतं.”

“चल,” मी म्हणाले, आणि आम्ही पळत सुटलो.

त्या पठारावर मी जशी पळाले तशी आयुष्यात परत कधी पळाले नाही. पायाखाली माती मऊ होती, वारा पाठीवर होता. दवानं भिजलेल्या गवतातून वाट पांढऱ्या धाग्यासारखी पुढं दिसत होती. सूर्य वर आला आणि आमच्या सावल्या लांबच लांब होऊन पुढं पळायला लागल्या. मालन एकदा मागं वळून हसली. तिचे दात, ओठांवरची लव, कपाळावर चिकटलेले केस, सगळं मला अजून दिसतं. आम्हाला पुष्कळ वेळ होता. मी मनातल्या मनात तिला खाकी कपड्यांत बघायला लागले होते.

आणि मग वाट संपली.

संपली म्हणजे कापली गेली होती. पवनचक्कीवाल्यांनी अवजड गाड्यांसाठी पठाराच्या कडेनं नवा रस्ता काढला होता. त्यासाठी डोंगर उभा कोरला होता. आमची वाट त्या कोरलेल्या कडेपर्यंत आली होती आणि पुढं नुसती हवा. खाली दोन-तीन पुरुष खोल तांबडी भिंत आणि तिच्या पायथ्याशी दुहेरी काटेरी तारेचं कुंपण.

मालन कडेला उभी राहून खाली बघत राहिली.

“आज्जीनं तर सरळच सांगितली हुती,” ती म्हणाली.

“आज्जीच्या वक्ताला हे कुठं हुतं?”

खाली, खूप खाली, हायवे दिसत होता. फाट्यावरचं लिंबाचं झाड दिसत होतं. एवढं स्पष्ट, की हात लांबवला तर लागेल असं वाटावं. आम्ही कडेकडेनं उतरायला जागा शोधत डावीकडं पळालो. कुंपण संपेना. मग उजवीकडं पळालो. तिकडं एक ओघळ होता, पावसाच्या पाण्यानं कापलेला, आणि तो तळापर्यंत गेल्यासारखा दिसत होता.

“इथनं उतरू,” मालन म्हणाली.

ओघळ घाणेरीनं भरला होता. वरून दिसत नव्हतं, पण आत शिरल्यावर फांद्या एकमेकींत अशा अडकलेल्या, की प्रत्येक पावलाला हातानं बाजूला कराव्या लागत होत्या. पळण्याचा प्रश्नच नव्हता. मालन पुढं होती. तिच्या कमरेच्या ओढणीचं टोक अडकलं, तिनं ओढलं, ते टर्रकन फाटलं. माझ्या गालावर ओरखडा उठला. एके ठिकाणी खडकावरून खाली उडी मारावी लागली. मी घसरत गेले आणि कोपर सोललं.

“तू पुढं हो!” मी म्हणाले. “माझी वाट बघू नको!”

“वाट असंल तर पुढं होऊ ना!” ती जवळजवळ रडत ओरडली. “हिकडं बघ, हिकडंबी बंद हाय!”

समोर घाणेरीची आणि निवडुंगाची भिंत होती. आम्ही हातापायांवर चढून बाजूच्या उतारावर आलो. तिथून परत सगळं उघडं दिसायला लागलं. मालन ताठ उभी राहिली आणि तिनं माझा दंड धरला.

हायवेवरून एसटी येत होती. लाल, छोटी, सकाळच्या उन्हात चमकणारी. ती फाट्याजवळ आली तसा तिचा वेग कमी झाला. लिंबाखाली एक माणूस उभा होता, तो चढला.

“ओ!” मालन ओरडली. “ओ, थांबा! थांबा!”

मीही ओरडले. दोघींनी हात वर करून उड्या मारल्या. डोंगराच्या त्या उतारावरून आमचा आवाज कुठंवर जाणार? एसटीनं थोडा धूर सोडला आणि ती निघाली. वळणापर्यंत आम्ही तिच्याकडं बघत होतो. वळणावर ती दिसेनाशी झाली तरी मालनचा हात वरच राहिला होता.

“दुसरी गाडी मिळंल,” मी म्हणाले. “हायवे हाय. काहीबी मिळंल.”

उताराच्या कडेनं घसरत, बसत, उठत ती खाली निघाली.

हायवेला लागलो तेव्हा ऊन अंगाला लागायला लागलं होतं. आम्ही दिसत होतो कशा, ते आठवलं की आता अंगावर काटा येतो. केस विस्कटलेले, कपड्यांवर माती, माझ्या कोपरातून रक्त. मालननं हात केला तेव्हा दुधाचा टेम्पो थांबला नाही. एक जीप आली, ती माणसांनी खच्चून भरलेली होती. मागं लटकलेल्या एकानं शीळ घातली. एक पांढरी कार हळू झाली, आतल्या बाईनं आमच्याकडं बघितलं, काच वर केली आणि कार गेली. एक मोटरसायकलवाला थांबला. “कुठं पळून निघालाय गं?” असं म्हणत त्यानं मालनला खालून वर बघितलं. मी दगड उचलला तसा तो हसत निघून गेला.

मग बराच वेळ काहीच आलं नाही.

मालननं पिशवी परत कमरेला आवळली. बुटाची नाडी बांधली आणि सांगलीच्या दिशेनं पळायला लागली.

“मालन! अगं, चाळीस-पन्नास किलोमीटर हाय!”

“गाडी मागनं येईलच,” ती न थांबता म्हणाली. “उभी राहून काय करू?”

मी तिच्या मागं पळाले. थोडा वेळ पळाले. मग माझ्या पायांत गोळे आले आणि मी थांबले. ती पुढं जात राहिली. रस्ता तिथं अगदी सरळ होता, दोन्ही बाजूंना बाभळी. तिचे हात आत होते, खांदे पडलेले होते, पावलं एकसारखी पडत होती. दादानं शिकवलं होतं तसं. ती लहान लहान होत गेली. त्या रिकाम्या रस्त्यावर एक पोरगी एकटी, कुणाशी शर्यत नसताना, आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पळत होती आणि बघायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मागून मोटरसायकलचा आवाज आला. मी हात करायला वळले आणि हात तसाच खाली घेतला. अंकुशदादा होता. मफलर नव्हता, पायात घरातल्या चपला होत्या. डोंगराला वळसा घालून, गावाच्या रस्त्यानं तो आला होता. तारीख त्यालाही पाठ होती. त्या दिवशी मालननं मला रोजच्यापेक्षा लवकर काढलं होतं; तो बांधावर आला आणि आम्ही दिसलो नाही तेव्हाच त्याला कळलं असणार.

त्यानं माझ्या कोपराकडं बघितलं. “लागलं?”

“एवढं न्हाई.”

रस्ता सरळ होता आणि त्याच्या टोकाला ती दिसत होती. त्यानं गाडी पुढं काढली.

मी चालत निघाले. लांबून मला एवढंच दिसलं, की गाडी तिच्या बाजूला गेली, काही अंतर तिच्याबरोबर चालली आणि मग मालन थांबली. दोघं रस्त्याच्या कडेला समोरासमोर उभे राहिले. दादानं तिचा हात धरला नाही, आवाज चढवल्यासारखाही वाटला नाही. मालन कमरेवर हात ठेवून उभी होती. एक ट्रक गेला आणि ते दोघं धुळीत दिसेनासे झाले. धूळ बसली तेव्हा मालन गाडीवर बसत होती.

गाडीचं तोंड सांगलीकडं होतं. ती तशीच जाईल असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी उभी राहून हात जोडले. देव वगैरे आठवला नाही, नुसते हात जोडले गेले.

गाडी वळली आणि माझ्याकडं आली.

तिघं एका गाडीवर बसून आम्ही डोंगराला वळसा घालून परत निघालो. मी सगळ्यात मागं होते, माझं तोंड मालनच्या पाठीला टेकलेलं. तिचा श्वास अजून खाली बसला नव्हता. बाकी ती हलत नव्हती. गाव जवळ आलं, ओढ्याचा पूल लागला, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

“इथं उतरव आम्हाला.”

“का?” दादा म्हणाला.

“पळायला गेल्तो. पळतच आलं पायजे.”

आम्ही उतरलो. तिनं आपले केस नीट केले, फाटलेली ओढणी सोडून तिच्यात पिशवी गुंडाळून हातात घेतली. पुलाखालच्या पाण्यानं माझं कोपर धुतलं, गालावरचं रक्त पुसलं. आणि मग आम्ही दोघी गावातून पळत गेलो, रोजच्यासारख्या. ती पुढं, मी मागं. हॉटेलापुढं तिचा चुलता दात घासत उभा होता.

“आज लई उशीर, पोरींनो?”

“व्हय तात्या,” मालन म्हणाली. तिच्या आवाजात कुठंही खोट नव्हती. “आज नवी वाट बघितली.”

त्यानंतर ती परत बांधावर आली नाही. गुरुवारी माझं ग्राउंड होतं. माझे वडील आजारी होते, म्हणून मला सांगलीला सोडायला अंकुशदादा आला. मालननंच त्याला पाठवलं होतं. गेटशी तो एवढंच म्हणाला, “हात आत घे.” मी पळाले. पुढं कुणाची पाठ नव्हती, कुणी उलटं फिरून माझ्यासाठी येणार नव्हतं. तरी पळाले. पहिल्या यादीत नाव आलं नाही. प्रतीक्षा यादीतून सहा महिन्यांनी बोलावणं आलं.

तोवर मालन सासरी गेली होती. दोन्ही लग्नं एकाच मांडवात झाली. अंकुशदादा फेटा बांधून उभा होता, घामानं निथळत. अक्षता पडताना मी मालनकडं बघत होते. ती खाली बघत होती.

त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. नोकरीच्या गावी माझा संसार झाला, हिवरवाडीला जाणं कमी झालं. मालनला मी लग्नाकार्यात ओझरती भेटले असेन, तेवढंच. मागच्या वर्षी अंकुशदादानं नवं घर बांधलं. घरभरणीला मी स्कूटर घेऊन गेले. मालन आली होती. अंगानं भरली होती, पायांत जोडवी, डोक्यावर पदर. जेवणाच्या आधी आम्ही बायका मधल्या खोलीत बसलो होतो. शकुंतला, म्हणजे अंकुशदादाची बायको आणि मालनची नणंद, पानाचं तबक घेऊन आली. स्वभावानं मोकळी आहे ती. कुणाचं वाईट चिंतणारी नाही.

ती मला म्हणाली, “ताई, तुम्ही आणि आमच्या वन्सं बरोबर पळायचा म्हणं? गावातल्या बाया सांगत हुत्या. वन्संचा लई नंबर लागायचा म्हणं.”

मी म्हणायला तोंड उघडलं, “अहो, ती माझ्यापेक्षा...”

“मी कुठली पळतीया!” मालन हसत म्हणाली. “लोकांचं काय ऐकतीस? पळायची ही. मी आपली बांधावर बसायची, हिचं जर्किन मांडीवर घेऊन. सोबत पायजे म्हणून.”

मी तिच्याकडं बघितलं. वाटलं, आता ती डोळा मारेल, निदान माझ्याकडं एकदा बघेल. ती सुपारी कातरत होती. सुपारीचे तुकडे एकसारखे पडत होते.

“व्हय ना गं?” तिनं विचारलं.

“व्हय,” मी म्हणाले.

दारात अंकुशदादा पाण्याची कळशी घेऊन उभा होता. त्यानं ऐकलं होतं. तो तसाच मागं फिरला.

मी निघाले तेव्हा तो स्कूटरपर्यंत सोडायला आला. डोक्यावरचे केस गेलेत त्याचे, पाठ वाकलीय. प्रसादाचा डबा त्यानं माझ्या पिशवीत ठेवला आणि पिशवीचे बंद बांधत बसला. बांधून झाले तरी बांधत होता.

“सुवर्णा,” तो खाली बघूनच म्हणाला, “त्या दिवशी रस्त्यावर मी तिला काय म्हणालो, ते तुला ठाव हाय?”

“न्हाई, दादा.”

“मी म्हणालो, बस, सांगलीला सोडतो. वेळ हुता अजून. गाडी पळवली असती तर नऊच्या आत पोचलो असतो. मी त्याच्यासाठीच निघालो हुतो घरातनं. आईशप्पत.”

त्यानं पिशवीचा बंद परत आवळला.

“ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, दादा, तुझं काय मग? मी म्हणायला पायजे हुतं, माझं काय व्हायचं ते हुईल, तू बस. तोंडापतोर आलं हुतं. पण न्हाई बोललो. गाडी चालूच हुती. मी नुसता उभा राहिलो. तिनं लई वेळ वाट बघितली, सुवर्णा. मग ती बसली आणि म्हणाली, घरी चल.” त्यानं पिशवीवरचे हात काढले. “मी एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर ती आली असती का?”

त्याचे डोळे कोरडे होते. नोकरीत मी खूप लोकांना खोटा धीर देते. मेलेल्यांच्या घरच्यांना, हरवलेल्या पोरांच्या आयांना. तो मला जमतो आता. त्यालाही दिला असता तर त्यानं घेतला असता, आणि एक दिवसही तो त्याला पुरला नसता.

“आली असती, दादा,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. एकदा, दोनदा. आतून शकुंतलेनं हाक मारली, पंगत बसली होती, वाढायला माणसं कमी पडत होती. “आलो,” म्हणत तो वळला, उंबऱ्याशी चपला काढल्या, खांद्यावरच्या टॉवेलानं हात पुसले आणि आत गेला. मी स्कूटर चालू करेपर्यंत त्याचा आवाज बाहेर येत होता, मोठा, पाव्हण्यांसाठी काढलेला.

“भात घ्या, भात! अजून कुणाला भात?”